नमुन्याचं जॅकेट

१

पिशवीत चांगलंच जॅकेट असणार, याबद्दल त्या खोलीत कोणालाच शंका नव्हती.

किनारा सुरक्षा कक्षाचं ऑफिस अंधेरीला, दुसऱ्या मजल्यावर. मच्छीमारांना वाटायची लाइफ जॅकेटं हा कक्ष निविदा काढून खरेदी करायचा. मागच्या खेपेला कंत्राट मिळालं 'जलछत्र ट्रेडर्स'ला. कंपनीने निविदेसोबत एक जॅकेट नमुना म्हणून दिलं. ते तपासणीत पास झालं आणि कापडी पिशवीत घालून, तोंडावर लाखेची मोहोर ठोकून कपाटात गेलं. येणारा माल हुबेहूब तसाच हवा, एवढ्यासाठी ते जपायचं. माल आला, कोळीवाड्यांत वाटला गेला आणि तक्रारी सुरू झाल्या. जॅकेट पाणी पितं, भिजलं की अंगावर धोंडा बांधल्यासारखं होतं.

कक्षाने कंपनीला काळ्या यादीत टाकलं. कंपनी हायकोर्टात गेली आणि जिंकली. पाठवलेल्या नोटिशीत 'तुम्हाला काळ्या यादीत का टाकू नये' हे एक वाक्य नव्हतं. काळी यादी म्हणजे धंद्याचं मरण. हेतू स्पष्ट सांगून, बाजू ऐकून घेतल्याशिवाय ते कोणाला देता येत नाही, असं न्यायालयं हल्ली पुन्हा पुन्हा बजावतात. इथेही तेच झालं. सगळं नव्याने करा, असा हुकूम आला. तोवर प्रकरण न्यायप्रविष्ट म्हणून वाटलेली जॅकेटं कोणी परत मागवली नाहीत. आणि त्याच काळात मढचा प्रितम कोळी समुद्रात बुडून मेला. अंगात जॅकेट घालून.

नव्या सुनावणीत कंपनीचा मालक श्यामकांत गांगण ऐटीत म्हणाला, "नमुना काढा ना साहेब. आमचा माल नमुन्यासारखाच आहे."

म्हणून पिशवी टेबलावर आली होती. तटस्थ साक्षीदार म्हणून कक्षाने वनमाला परबांना बोलावलं होतं. वनमालाबाई दक्षता विभागातून निवृत्त झालेल्या, राहायला मुलुंडला. गिरणीकामगाराची मुलगी, आयुष्य दुसऱ्यांच्या सह्यांखाली काय दडलंय ते शोधण्यात गेलं. त्यांनी मोहोर तपासली. शाबूत होती. तपासणी अधिकारी देवदत्त राऊळांची तिच्यावरची सहीही शाबूत होती.

मोहोर फोडली. जॅकेटचं अस्तर कापलं. आत कडक, हलका फोम हवा होता. निघाला गादीत भरतात तसा करडा स्पंज.

सगळे पुढे वाकले. देवदत्त राऊळ पांढरेफटक पडले. "हा माझा नमुना नाही," ते कसंबसं म्हणाले.

वनमालाबाई त्या क्षणी स्पंजकडे नव्हे, माणसांकडे बघत होत्या. श्यामकांत गांगणचं तोंड उघडं पडलं होतं. मग त्याने ते मिटलं आणि हसला.

"म्हणजे आम्ही निर्दोष. हे पास कोणी केलं, त्यांना विचारा."

एकच माणूस पुढे वाकलं नव्हतं. पिशवी कपाटातून काढून आणणारी भांडारपाल, निशा. ती खिडकीबाहेर बघत होती. पण तिला कोण काय म्हणणार? बुडालेल्या प्रितमची ती बायको होती.

२

राऊळांना निलंबित केलं आणि प्राथमिक चौकशी वनमालाबाईंकडे आली.

देवदत्त राऊळ बोरिवलीला राहायचे. बाईंनी बेल वाजवली तेव्हा दार त्यांनीच उघडलं. बनियनवर होते, दाढी वाढलेली. आतून कोणीतरी टीव्ही बंद केला, पण बाहेर कोणी आलं नाही.

"घरात कोणी बोलत नाही माझ्याशी," ते म्हणाले. "मुलीला कॉलेजात कोणीतरी विचारलं, तुझ्या बाबांनी किती घेतले म्हणून."

"घेतले का?"

त्यांनी मान वर केली. "बाई, ते जॅकेट मी स्वतः अंगात घालून तरणतलावात उतरलो होतो. मला पोहता येत नाही. तासभर तरंगत होतो. पोरं हसत होती काठावर."

"मग तक्रारी आल्यावर काय केलंत?"

"निशानेच पहिली तक्रार आणली. प्रितमचं जॅकेट भिजलं की जड होतं म्हणाली. मी वर लिहिलं, माल परत मागवा. वरून उत्तर आलं, आधी कंपनीचं ऐका. काळ्या यादीचा आदेश झाला, तो कोर्टात पडला. पुन्हा लिहिलं, माल तरी परत मागवा. म्हणाले, प्रकरण कोर्टात आहे, हात लावू नका. मी नियमाने वागत राहिलो. आणि तो पोरगा गेला."

बाईंनी कपाटाच्या किल्ल्यांचं विचारलं. किल्ल्या दोनच, एक त्यांच्याकडे, एक निशाकडे.

"तुमची किल्ली कधी कोणी मागितली?"

राऊळ थबकले. "एकदा. सिद्धेशने. आमचा विधी अधिकारी. दिवसभर त्याच्याकडे होती."

"नोटीस कोणी लिहिली होती? ज्यात ते वाक्य नव्हतं ती?"

"त्यानेच," राऊळ म्हणाले.

३

सिद्धेश तिशीचा होता. बाईंनी त्याला समोर बसवलं.

"किल्ली कशाला घेतली होतीस?"

"मोहोरेचे फोटो काढायला, मॅडम. कोर्टात जोडायचे होते. फोनमध्ये आहेत, बघा ना." त्याने फोन पुढे केला. फोटोत पिशवी मोहोरेसकट टेबलावर होती. बाईंनी तो फोटो मोठा करून बराच वेळ बघितला आणि स्वतःच्या फोनवर पाठवायला सांगितला.

"आणि गांगणला कुठे भेटलास?"

तो दचकला. "कोर्टाबाहेर चहा प्यायलो एकदा. त्यानेच बोलावलं. थँक्यू म्हणाला मला. मला कळेना कशाबद्दल. म्हणाला, तुझ्या नोटिशीमुळे वाचलो." सिद्धेशने फोन खाली ठेवला. "मॅडम, मी पैसे घेतले असते ना, तर बरं झालं असतं. निदान काहीतरी कारण असतं. मी जुन्या नोटिशीवरून उतरवली. जुन्यात ते वाक्य नव्हतं. मी वाचलंच नाही. ते वाक्य असतं तर आदेश टिकला असता, माल परत आला असता. रोज सकाळी निशाताई समोरून जातात, मान हलवतात, आणि माझी वाट लागते."

तो रडायला लागला. वनमालाबाईंनी आयुष्यात लाच घेऊन रडणारे बरेच बघितले होते. हे रडणं त्यातलं नव्हतं. त्यांनी पाण्याचा ग्लास त्याच्यापुढे सरकवला.

श्यामकांत गांगण स्वतःहूनच आला. अत्तराचा वास आणि मऊ आवाज.

"मला एक सांगा," बाई म्हणाल्या, "पिशवी उघडल्यावर तुम्ही एवढे का दचकलात?"

"मी? छे."

"नमुना उघडा असा हट्ट तुमचाच होता. आत चांगलं जॅकेट निघालं असतं तर तुम्ही संपला होतात. मग हट्ट कशावर धरलात?"

गांगण हसला. "बाई, तुम्हीही सरकारात होतात. सरकारी कपाटातला नमुना कधी जागेवर सापडलाय का? वकील म्हणाले, मागा, सापडणार नाही, प्रकरण ढिलं पडेल. सापडला तेव्हा वाटलं, आता संपलो. पण देव पाठीशी होता."

तो गेल्यावर बाईंनी त्याचा जबाब पुन्हा वाचला. माणूस हलकट होता, पण खरं बोलत होता. ज्याचा सगळा फायदा झाला, त्याला त्या अदलाबदलीची खबरच नव्हती. मग ती केली कोणी, आणि कोणासाठी?

४

दुसऱ्या दिवशी त्यांनी पिशवी आणि जॅकेट पुन्हा मागवलं आणि खिडकीशी उजेडात बसल्या.

पिशवीचं तोंड चोख होतं. त्यांनी ती उलटी केली. दोन्ही बाजूंची शिवण मशीनची होती. तळाची शिवण हातची होती, बारीक, सारख्या टाक्यांची. सिद्धेशच्या फोटोत तळाची कडही दिसत होती, आणि तिथे ती मशीनची होती. म्हणजे पिशवी फोटोनंतर तळातून उसवली गेली होती. सिद्धेश सुटला. नमुना पास झाला तेव्हा आत वेगळंच जॅकेट असणार, म्हणजे राऊळही बहुतेक सुटले. पण फोटोवरून आतलं दिसत नव्हतं. गांगणचा वकील म्हणाला असता, उसवून पुन्हा तेच ठेवलं नाही कशावरून?

त्यांनी जॅकेट हातात घेतलं. कापलेलं अस्तर सोडलं तर नवंकोरं दिसत होतं. पट्ट्याची चिकटणारी पट्टी ओढून उघडली, तर तिच्या बारीक केसांत काहीतरी चमकलं. त्यांनी नखाने काढलं. माशाचा खवला होता. पट्ट्याच्या घडीत पांढरी भुकटी सुकलेली होती. बाईंनी बोट जिभेला लावलं. खारट लागलं.

बाई खुर्चीत मागे टेकल्या.

नमुना कारखान्यातून ऑफिसात आला होता आणि ऑफिसातून कपाटात गेला होता. समुद्र त्याने बघितलाच नव्हता. हे जॅकेट मात्र होडीवर गेलेलं होतं. ते वाटपानंतरच पिशवीत आलं असणार. एवढ्याने राऊळांचं निर्दोषपण सिद्ध होत होतं.

पण त्यांचं मन तिथे थांबेना. कोणाला कट करायचा असता, तर खाली गोदामात नव्या जॅकेटांचे ढीग पडले होते. त्यातलं एक उचलायचं. वापरलेलं, खारं जॅकेट पिशवीत कोण घालेल? ज्याला कंपनीला वाचवायचं नव्हतं, राऊळांना अडकवायचंही नव्हतं, तो. गोदामातून नवं उचललं असतं तर घरात एक जॅकेट जास्तीचं दिसलं असतं आणि कोणीतरी विचारलं असतं. म्हणून त्याने घरातलं एक जॅकेट आणलं, आणि त्याच्या जागी दुसरं नेलं. बदललेलं कोणाला कळूही नये म्हणून. आणि नेलेलं जॅकेट त्या सगळ्या मालात एकच असं होतं, जे माणसाला तरंगवणार होतं.

मग प्रश्न एवढाच उरला, त्याने तरंगवून आणलं कोणाला?

कपाटाची दुसरी किल्ली निशाकडे होती, आणि बाईंना तिच्या नवऱ्याच्या मृत्यूचा फायलीतला पोलीस पंचनामा आठवला. त्या होडीवर दोघे होते. तिशीतला प्रितम, गावातला पट्टीचा पोहणारा, आणि त्याचा साठी उलटलेला बाप. पोरगा बुडाला होता. बाप वाचला होता.

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "अगो बाय माझे," त्या स्वतःशीच म्हणाल्या.

५

फेरीबोटीने त्या मढला गेल्या. अंगणात बांबूंवर बोंबील सुकत होते. प्रितमची आई अंजनाबाई ते उलटत होती. तिने बाईंना खुर्ची दिली, काळा चहा दिला, आणि पुन्हा कामाला लागली.

प्रितमचा बाप हरेश्वर ओट्यावर बसून होता. समुद्राकडे पाठ करून.

"मना सगले इचारतात, तू कसा वाचलास," तो म्हणाला. "मना काय म्हाईत? वारा फिरला, होरी पालथी झाली. दोगांनी पन जाकेट घातलेला. तो माज्याकरे पवत येत व्हता, आनि खाली खाली चालला. बाबा, जाकेट धोंड्यासारका जर झाला, बोल्ला. जर झाला. मी वरतीच. माजे पाय पन हलत नव्हते, तरी मी वरतीच."

"जॅकेट तुमचंच होतं ना अंगात?"

म्हाताऱ्याने डोळे पुसले. "नाय बाय. माजे जाकेटचा बक्कल तुटलेला. सकालीच त्याना बगितला. बोल्ला, बाबा, माजा घाला, मी तुमचा दोरीन बांधतो. आनि स्वताचे हातान मना बांदला, पोराला बांदतात तसा."

अंजनाबाईचे हात थांबले होते.

"ते जॅकेट कुठे आहे आता?"

"सुनेना ठेवलाय. मी बोल्लो, जाल त्याला. तिना नाय जालला."

६

निशा ऑफिसातून आली तेव्हा उन्हं उतरली होती. बाईंना बघून ती दारातच थांबली. मग म्हणाली, "चला, बंदरावर जाऊ. इथे नको."

दोघी धक्क्याच्या कडेला बसल्या. बाईंनी काही विचारलं नाही. खवल्याची कागदाची पुडी उघडून मांडीवर ठेवली, एवढंच.

निशाने ती बघितली. "मी धुतलं होतं ते," ती म्हणाली. "दोनदा."

"कधी केलंस?"

"कोर्टाचा निकाल आला त्या आठवड्यात. राऊळसाहेब म्हणाले, निशा, आता माल परत मागवायला वर्ष जाईल. मी रोज किल्ली कमरेला लावून त्या कपाटासमोर बसायचे. आत एक चांगलं जॅकेट नुसतं पडलेलं, पुरावा म्हणून. आणि माझा नवरा रोज स्पंज घालून समुद्रात. मला वाटलं, नवा माल येईपर्यंत नेते, मग परत ठेवीन. कोणाला कळणारे?"

"प्रितमला सांगितलं नाहीस?"

"त्याला सांगितलं असतं तर त्याने घातलं नसतं. चोरीचं आहे म्हणाला असता. नाहीतर गावभर ओरडत सुटला असता, बाकीच्यांचं काय म्हणून. मला तो पाहिजे होता, बाई, बाकीचं मला काही नको होतं. गुपचूप त्याच्या खुंटीवर टांगलं. रोज तो ते घालून जायचा आणि मी निवांत ऑफिसला जायचे." ती थांबली. "मग बाबांना आणलं. जिवंत. मी आधी जॅकेट बघितलं. त्याच्या पट्ट्याला आतून मी लाल दोरा घातला होता, ओळखायला. तेव्हाच कळलं मला. प्रेत दुसऱ्या दिवशी मिळालं."

खाली होड्या एकमेकींना घासत होत्या. निशा रडत नव्हती. तिचं रडून झालेलं होतं.

"एक शब्द बोलले असते त्याला, तर तो आज असता," ती म्हणाली. "आणि बाबा नसते. मी रोज बाबांना जेवायला वाढते आणि मनात येतं, तुम्ही का? मग माझी मलाच किळस येते. पिशवी उघडायच्या दिवशी बोलणार होते. तोंड उघडलं नाही. बोलले असते तर बाबांना कळलं असतं, प्रितमने अंगातून काढून दिलं तेच एक चांगलं जॅकेट होतं."

"राऊळांची मुलगी घरातून बाहेर पडत नाही गो," बाई हळूच म्हणाल्या. "आणि गांगणने पुढची निविदा भरलीय. किनाऱ्यावरच्या सगळ्या गावांची."

"माहीत आहे."

"मी लिहिणार आहे, निशा. मला न लिहून चालणार नाही. पण मी विचारण्याआधी तू स्वतःहून सांगितलंस, असं लिहिता येईल, जर तू उद्या सकाळी ऑफिसात येऊन सांगितलंस तर. नोकरी बहुधा जाईल."

"नोकरीचं जाऊ दे," निशा म्हणाली. "घरी कसं सांगू?"

 शेवटची फेरीबोट लागली होती. त्यांनी निशाच्या डोक्यावरून हात फिरवला आणि त्या उठल्या.

७

सकाळी निशा जॅकेट घेऊन आली. वर्तमानपत्रात गुंडाळून, कडेवर मूल घ्यावं तसं धरून.

पुढचं कायद्याच्या चालीने झालं. प्रयोगशाळेने जॅकेट तपासलं. नमुन्याच्या अहवालाशी फोम जुळला, शिवणीतला कंपनीचा छुपा क्रमांकही जुळला. नमुना उत्तम आणि माल भंगार, हे गांगणच्या वकिलालाही नाकारता येईना. नवी नोटीस सिद्धेशने लिहिली. या वेळी ते वाक्य त्याने पहिल्याच परिच्छेदात घातलं आणि बाईंना तीनदा वाचून दाखवलं. गांगणचं सगळं म्हणणं ऐकून घेतलं गेलं आणि मग त्याचं नाव काळ्या यादीत गेलं. तो पुन्हा कोर्टात गेला, आदेश टिकला. जॅकेटं परत आली, ट्रक भरभरून. राऊळांना कामावर घेतलं. पहिल्या दिवशी ते आले, टेबल पुसलं, आणि स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज दिला.

निशाची नोकरी गेली. स्वतःहून सांगितलं म्हणून पोलिसांकडे प्रकरण गेलं नाही, एवढंच.

अहवाल देऊन झाल्यावर वनमालाबाईंचं मढला काही काम नव्हतं. तरी त्या गेल्या. घरात कसं सांगितलं, काय झालं, हे विचारायची त्यांना हिंमत होत नव्हती. अंजनाबाई आणि निशा बाजारात जायला निघाल्या होत्या, टोपल्या भरून. निशाने नऊवारी नेसली होती. ऑफिसातल्या निशाला त्यांनी एकदम ओळखलंच नाही.

हरेश्वर ओट्यावरच होता. बाईंना बघून त्याने खुणेने बसायला सांगितलं.

"सांगला तिना," तो म्हणाला. "माजे पायाशी बसून सांगला. तीन दिस मी तिचे हातचा जेवलो नाय."



"राग तिचा नव्हता, बाय. मना माजाच राग. मी म्हातारा, मी कशाला ऱ्हायलो? मंग चवथ्या दिशी तिना ताट ठेवला नि तशीच उभी ऱ्हायली. मी बोल्लो, बस. बोल्लो, पोरी, तुना त्याला सांगला असता ना, हा एकच चांगला हाय म्हनून, तरी त्याना तो मनाच घातला असता. माजा बक्कल तुटलेला व्हता. तुना नवरा केलास, मी त्याला लानाचा मोटा वारवलाय. मना म्हाईत हाय तो."

अंगणात निशा टोपली डोक्यावर घ्यायला वाकली होती. तिला ती एकटीला उचलवेना. सवय नव्हती. हरेश्वर गुडघ्यावर हात देऊन उठला, ओट्यावरून खाली उतरला, आणि टोपलीला दुसऱ्या बाजूने हात लावला.